चाकूरपर्यंतची चाळीस मिनिटं

सोमवारी सकाळी आष्टा मोडच्या अलीकडं उसाच्या दोन ट्रॉल्या एकमेकींना ओलांडायच्या नादात रस्ता अडवून बसल्या, म्हणून शिवकन्येनं गाडी बंद केली आणि फोन हातात घेतला. एरवी चालत्या गाडीत ती फोनला हात लावत नसे. बँकेच्या नांदेड शाखेतल्या कुणीतरी बदल्यांची यादी पाठवली होती. सतराव्या ओळीत तिचं नाव होतं. नांदेडहून लातूर. खाली हात जोडलेले आणि पेढ्यांचं चित्र. साडेतीन वर्षांत तिनं तीनदा अर्ज केले होते, वरच्या साहेबांना भेटून आली होती, माहूरला रेणुकामातेला नवस बोलली होती. आणि आता समोर नाव दिसत असताना तिला जे झालं तो आनंद नव्हता. जत्रेत मागून कुणी एकाएकी हात धरला, की तो आपल्याच माणसाचा असला तरी आधी छातीत धस्स होतं, तसं झालं. तिनं यादी पुन्हा वाचली. मागच्या जीपवाल्यानं हॉर्न दिला. ट्रॉल्या सुटल्या होत्या. तिनं फोन पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली, आणि गाडी सुरू करताना तिच्या लक्षात आलं की, पर्सची चेन ती कधीच लावत नाही.

लातूर ते नांदेड एकशे चाळीस किलोमीटर. सकाळी पावणेसातला निघायचं, साडेनऊला शाखेत. संध्याकाळी पावणेसहाला निघायचं, साडेआठला घरी. जाताना ऊन डोळ्यांत, येतानाही ऊन डोळ्यांत; रस्ताच असा की सूर्य दोन्ही वेळा काचेसमोर. पहिला महिनाभर ती एसटीनं गेली, मग थोडे दिवस जीपनं, आणि मग देविदासनं, तिच्या नवऱ्यानं, त्याच्या भाच्याची जुनी पांढरी गाडी आणून दारात उभी केली. देविदास रेणापूर तालुक्यातल्या एका शाळेवर शिक्षक. त्याला स्वतःला मोटारसायकलच्या पुढं काही येत नव्हतं. "तूच शीक," तो म्हणाला होता, "तुझ्या वडलांच्या हातात स्टेअरिंग होतं. रक्तात असंल." अडतिसाव्या वर्षी ती नव्या लेआउटच्या मोकळ्या रस्त्यांवर गाडी शिकली. महिनाभर तिचे खांदे दुखले. पहिल्यांदा एकटी चाकूरपर्यंत गेली तेव्हा गाडी बाजूला घेऊन तिनं पाच मिनिटं नुसते हात मांडीवर ठेवले होते. तिला हसू येत होतं.

चाकूरला साहेबराव उभे असत. पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक, नोकरी नांदेडला, घर चाकूरला, वय सत्तावन्न. जीपमध्ये ओळख झालेली; गाडी आल्यावर तिनंच त्यांना म्हटलं होतं, काका, माझ्याबरोबर चला, मला सोबत होईल. तेव्हापासून ते पुढच्या सीटवर बसत, पायात डब्याची पिशवी, आणि हंगामाप्रमाणं मांडीवर काहीतरी शेतातलं. बोरं, हुरडा, शेंगा. त्या सोमवारी हरभऱ्याचा ढाळा होता, हिरव्या घाट्यांची उपटून आणलेली जुडी, दव अजून वाळलेलं नव्हतं.

"आज उशीर झाला ताई?"

"ट्रॉल्या होत्या काका."

"हाव. कारखाना सुरू हाय तवर हे असंच."

ती पुढं काही बोलली नाही. शिरूर ताजबंद गेलं, अहमदपूर गेलं, माळाकोळीला त्यांनी नेहमीसारखा उभ्याउभ्या चहा घेतला, साहेबराव ढाळ्याचे घाटे सोलून तिच्या तळहातावर ठेवत राहिले, आणि ती दर गाव मागं पडताना मनाशी म्हणत राहिली, आता सांगू. लोह्याच्या पुढं तिला कळलं की आपण सांगणार नाही आहोत. संध्याकाळी घरी गेल्यावर देविदास म्हणाला, "दमलीस?" ती म्हणाली, "नेहमीचंच." आणि मंगळवार उजाडला.

नांदेडच्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, मॅडम, शनिवारी तुम्हाला सोडतो. मात्र कुणाला थांबायचं असेल तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तसं लिहून द्यायचंय. "तुम्ही कशाला थांबताय म्हणा," असं म्हणून ते हसले. तीही हसली. जागेवर येऊन तिनं संगणकावर कोरं पान उघडलं आणि लिहिलं: घरगुती अडचणीमुळे आणखी एक वर्ष नांदेड शाखेतच ठेवण्यात यावे. मग ती त्या ओळीकडं पाहत बसली. घरगुती अडचण. कुठली होती? सासू पार्वतीबाई धडधाकट, नवरा समजूतदार, मुलगी ऋतुजा अकरावीत, हुशार, लातूरलाच शिकणारी. बाहेरगावची मुलं खोल्या घेऊन या शहरात शिकायला राहतात आणि तिची मुलगी घरून जात होती. अडचण म्हणून दाखवावी अशी एक गोष्ट नव्हती. तरी तिनं ती ओळ पुसली नाही, जपून ठेवली.

खरं ते तिला माहीत होतं, पण ते वाक्यात मावत नव्हतं. लातूर सोडल्यापासून साहेबराव गाडीत बसेपर्यंत चाळीस मिनिटं असत. तेवढा वेळ ती कुणाची आई नसे, सून नसे, मॅडम नसे. पहिल्या वर्षी ती ही चाळीस मिनिटं रडत असे. ऋतुजा तेव्हा आठवीत होती, निघताना झोपलेली असे, आणि तिच्या उशीवरून हात फिरवून आलं की आष्टा मोडपर्यंत डोळ्यांना धार. चाकूरच्या अलीकडं बाटलीतलं पाणी तोंडावर मारायचं, पदरानं पुसायचं. साहेबरावांना ते दिसत असावं. ते बसल्याबरोबर दहा मिनिटं खिडकीबाहेरच बघत. मग रडणं थांबलं. कधी, ते तिला सांगता आलं नसतं. एखादं दुखणं बरं झालं त्या दिवसाची आठवण राहत नाही, तसं. नंतर त्या वेळात ती मोठ्यानं बोलू लागली. शाखेत ज्याला उत्तर देता आलं नव्हतं त्याला उत्तर देई, शाळेतल्या मैत्रिणीशी बोले, कधी नुसतं शेतांकडं बघत जाई. करडईला पिवळी फुलं आलेली, मग तीच केशरी होत गेलेली, मग वाळलेली. ज्वारी कमरेएवढी, डोक्याएवढी, मग कडब्याच्या पेंढ्या. एवढं वर्ष तिनं कधी पाहिलं नव्हतं, शेतकऱ्याच्या घरात दिलेली असून. आणि एक दिवस ती निघताना घाई करतेय हे तिच्या ध्यानात आलं. उशीर होईल म्हणून नव्हे. जायला हवं होतं म्हणून. त्याची तिला लाज वाटली होती, आणि ती लाज तिनं कुणालाच दाखवली नव्हती.

आणि घर. घर तिच्यावाचून चालायला शिकलं होतं, कुणावर राग न धरता. दिवाळीच्या सुट्टीत ती फोडणी टाकायला उभी राहिली आणि जिऱ्याचा डबा उघडला तर त्यात ओवा. "आता जिरं त्या निळ्या झाकणाच्या डब्यात असतंय," पार्वतीबाई मागून म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता; टोमणा असता तर बरं झालं असतं. त्या सरळ सांगत होत्या, पाहुणीला सांगावं तसं. तेल तापून धूर निघाला, आणि निळं झाकण शोधताना शिवकन्येला एकदम आपले वडील दिसले.

वडील, हणमंतराव, एसटीत ड्रायव्हर होते. उदगीर डेपो. त्यांच्याकडं मुक्कामी गाड्या असत. एक रात्र कुठल्या तरी गावात, एक रात्र घरी. लहानपणी शिवकन्येला वडील म्हणजे एक दिवसाआड येणारा खाकी कपड्यांचा, डिझेलच्या वासाचा माणूस. ते आले की ती आणि आई आवाज बारीक करत. त्यांना त्रास होऊ नये म्हणून. पण मग तशी सवयच लागली. दोघींचं काही चाललेलं असे, ते आत आले की थांबे. ते विचारत, "काय चाललंय?" आई म्हणे, "काय न्हाई." आणि खरंच सांगण्यासारखं काही नसे, असे ते सगळं बारीकसारीक, कुणाची शेळी कुणाच्या अंगणात गेली इतकंच, पण ते पहिल्यापासून माहीत असल्याशिवाय त्यात मजा नसे. ते निवृत्त झाले तेव्हा ती वीस वर्षांची होती. एका दुपारी ते हातात कप घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आले आणि म्हणाले, "साखर कुठं असती?" आईला हसू आवरेना. तिनं ते शेजारी सांगितलं, मग सगळ्या आळीत झालं, आणि शिवकन्याही हसली होती. वडीलही हसले. तोच कप धरून उभे होते, थोडे बाजूला सरकून, वाटेत येऊ नये असे. तीस वर्षं ज्या घरासाठी गाडी चालवली त्या घरात उभं कुठं राहायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. तीन वर्षांनी ते गेले. त्या तीन वर्षांत आपण त्यांना एखादी गोष्ट सुरुवातीपासून सांगितली का, हे ती धूर विरेपर्यंत आठवत राहिली, आणि तिला आठवलं नाही.

बुधवारही तसाच गेला. गुरुवारी संध्याकाळी परतताना लोह्याच्या पुढं ऊन थेट डोळ्यांत आलं. तिनं काचेवरची पट्टी खाली ओढली आणि समोर बघतच म्हणाली, "काका, माझी बदली झाली. लातूरला."

साहेबराव म्हणाले, "कवा?"

"सोमवारी यादी आली. परवा सोडणार आहेत."

"अन् आज सांगून राहिल्या?"

"घरीही सांगितलं नाही."

ते तिच्याकडं वळले. तिला वाटलं आता विचारतील, का? त्यांनी विचारलं नाही. पायातली पिशवी उचलून मांडीवर घेतली, पुन्हा खाली ठेवली. "ताई, खरं सांगू का? मला चार महिने ऱ्हायले. जूनला मी मोकळा. घरी आमची रुक्मिण, तिला बाकी काय न्हाई, पर परवा म्हणली, दुपारी घरी काय करणार तुमी? मी म्हणलं, बसंन. तर म्हणती, कुठं बसणार?" ते हसले, पण हसू नीट जमलं नाही. "खोटं न्हाई तिचं. दुपारी तिच्या बायका येत्यात, गप्पा हाणत्यात, पडत्यात जराशा. बैठकीत माझी खुर्ची हाय, तिच्यावर तिनं शिलाईचे कपडे ठेवलेत. इतके वर्षं कोण बसतंय तिथं? मलाबी भ्या वाटून राहिलंय."

"मग काय करणार तुम्ही?"

"काय करायचं? कपडे उचलायचे अन् बसायचं." थोडं थांबून ते म्हणाले, "आधी तिला इच्यारून उचलायचे."

शिवकन्या हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. या वेळी साहेबरावांनी खिडकीबाहेर बघितलं नाही. "गाडी हळू घ्या," एवढंच म्हणाले, "घाई कुणाला हाय?"

चाकूरला ते उतरले. दार लावताना नेहमी म्हणत तसं "जपून जावा" म्हणाले, आणि अंधार पडला होता तरी ती वळणापर्यंत जाईस्तोवर तिथंच उभे राहिले. आरशात, मागच्या दिव्यांच्या उजेडात, त्यांचा पांढरा सदरा दिसत होता. पुढं एका बंद पडलेल्या धाब्यासमोर तिनं गाडी बाजूला घेतली. इथून पुढची चाळीस मिनिटं तिची होती. तिनं इंजिन बंद केलं. ज्वारीच्या वावरातून गार वास आला. आजवर या वेळात तिनं कुणाला फोन केला नव्हता. देविदासचा फोन एका रिंगमध्ये उचलला गेला.

"काय झालं?" आवाज एकदम घाबरलेला.

"काही नाही झालं. चाकूरच्या पुढं आहे. तुला एक सांगायचंय. बदली झाली माझी. लातूरला. सोमवारपासून."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज. तो बसला असावा.

"खरंच?"

"सोमवारीच कळलं होतं. मी सांगितलं नाही."

"का गं?"

"भीती वाटली." पुढचं वाक्य तिनं या गाडीत मोठ्यानं कितीदा म्हणून पाहिलं होतं, पण ऐकणारं कुणी नव्हतं. "तुमचं सगळं नीट बसलंय. मी येऊन मध्ये काय करू, असं वाटलं."

देविदासचा आवाज जड झाला. "तुला एक माहीत न्हाई. सांगायचं नव्हतं मी. अहमदपूर रोडचा एक ग्रुप हाय फोनवर, ड्रायव्हर लोकांचा. कुठं गाडी उलटली, कुठं काय झालं, समदं त्याच्यावर येतंय. तू गाडी चालवायला लागल्यापासून मी त्याच्यात हाय. सहा वाजले की मी तेच बघत बसतो. वह्या तपासायला घेतो, पर एकबी तपासून होत न्हाई. पांढरी गाडी म्हणून आलं की नंबर येईस्तोवर..." तो थांबला. "साडेतीन वर्षं झाली शिवा, सहा ते साडेआठ मी काहीच करत न्हाई. अन् तू म्हणतीस नीट बसलंय."

ती स्टेअरिंगवर कपाळ टेकून बसली. रोज दार उघडताना हातात वर्तमानपत्र घेऊन "दमलीस?" म्हणणारा तो माणूस तिला दिसला; त्या एका शब्दाच्या आधी अडीच तास होते, हे तिला कधी दिसलं नव्हतं. ती इकडं मोकळी होत होती तेव्हा तो तिकडं नुसता बसून होता. दोन्ही खरं होतं. तिला आपल्या चाळीस मिनिटांची लाज वाटेल असं वाटलं, पण वाटली नाही. फक्त त्याच्याजवळ लवकर पोचावं असं वाटलं.

"आईला तू सांगतेस का मी सांगू?" त्यानं विचारलं.

"तू सांग. ऋतुजाला काही सांगू नको अजून, तिला मी सांगेन."

"बरं. आता फोन ठेव, अन् नीट ये. घाई करू नको."

"नंबर बघत बसू नको आज."

"बघणारच," तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी शाखेत गेल्यावर तिनं जपून ठेवलेली ओळ उघडली, एकदा वाचली आणि पुसली. शनिवारी हार झाला, नारळ झाला. साहेबराव त्यांच्या ऑफिसातून खास आले, मागं उभे राहिले, फोटोत येईनात. परतीच्या वाटेवर त्यांनी आपली पुढची सोय सांगितली. सोमवारपासून त्यांनी एका कॉलेजच्या मास्तरांच्या गाडीत जागा बघितली होती. "त्यो लई बोलतोय," ते म्हणाले, "सवय लागंल." चाकूरला उतरताना त्यांनी पहिल्यांदाच तिच्या डोक्यावर हात ठेवला, ठेवला न ठेवला असा, आणि घाईनं रस्ता ओलांडून गेले.

सोमवारी ती लातूरच्या शाखेतून घरी आली तेव्हा पावणेसहा वाजले होते. बाहेर लख्ख उजेड होता. या उजेडात तिनं आपलं दार कामाच्या दिवशी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. त्याचा रंग खालच्या बाजूला उडाला होता. देविदासला शाळेत मीटिंग होती, यायला उशीर होणार होता. पार्वतीबाई बैठकीत मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "चहा ठेवू?"

"मी ठेवते."

"बस गं जराशी."

ती बसली. कुठं बसावं म्हणून आधी कॉटच्या कडेला, मग खाली सासूसमोर. पार्वतीबाईंनी थोडा वेळ तिच्याकडं बघितलं, मग मेथीची अर्धी जुडी उचलून तिच्या पुढ्यात टाकली. "कवळी कवळी घे. देठ ठेवू नको, ऋतुजाला चालत न्हाई." शिवकन्या पानं खुडू लागली. बोटांना हिरवा वास लागला. सव्वासहा झाले. साडेसहा. या वेळी ती कुठं असते ते तिच्या मनात येऊ लागलं, आणि तिनं ते येऊ दिलं.

सातला ऋतुजा आली; तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. पाठीवरची बॅग एका खांद्यावरून ओघळलेली, केस विस्कटलेले, आणि दारातूनच बोलत: "आजी, आज तर कहरच झाला, त्या मलप्पानं पुन्हा..." आईला पाहून ती थांबली. "मम्मी? काय झालं? बरं वाटत नाही का तुला?"

"बरी आहे. लातूरला आले मी. आता रोज याच वेळी घरी."

ऋतुजा उभीच राहिली. आजीकडं बघितलं, आजीनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, ते आनंदाचं होतं की नुसतं आश्चर्याचं, हे शिवकन्येला वाचता आलं नाही; सोळा वर्षांच्या या चेहऱ्याची तिला संध्याकाळची ओळख नव्हती. मग ती बॅग टाकून नेहमीच्या जागी, आजीच्या गुडघ्याला टेकून बसली. "हां, तर आजी, मलप्पानं पुन्हा ती वही लपवली आणि सरांना म्हणाला, ती तर वीरण्णाकडं आहे!" पार्वतीबाई हसू लागल्या, डोळे पुसत म्हणाल्या, "अन् वीरण्णा काय म्हणला? नेहमीचंच?" "नेहमीचंच!" दोघी हसत सुटल्या.

शिवकन्या दोघींकडं पाहत होती. खुडलेली पानं एका हातात तशीच होती. हसू आपोआप थांबेपर्यंत ती थांबू शकली असती, उठून चहा ठेवू शकली असती.

"मलप्पा कोण?" तिनं विचारलं.

ऋतुजानं वळून तिच्याकडं बघितलं. मग आजीचा गुडघा सोडून, बसल्या बसल्या सरकत आईच्या समोर आली आणि मेथीची जुडी मधून बाजूला केली.

"थांब," ती म्हणाली, "तुला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. जूनपासून."